आधी सुई

“आधी सुई,” काजवाली म्हणाली.

तो नुकताच जेवून उठला होता. हात पुसून भिंतीला टेकला आणि त्याने हात पुढे केला. तिने टेबलावरचा दिवा त्याच्या बाजूला सरकवला, सुई आणि दोरा त्याच्या बोटांत दिला. गोळ्यांची बाटली तिच्या मांडीजवळ होती आणि तिचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

त्याने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, पिळून त्याला अणी आणली, सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने निघून गेला. त्याने पुन्हा अणी केली. या खेपेला सुईच थरथरली. तो नेम धरायचा आणि नेमक्या क्षणी दोन्ही हात भांडलेल्या भावांसारखे दोन दिशांना जायचे. कपाळावर घाम आला, तो त्याने बाहीला पुसला, परत एकदा प्रयत्न केला आणि मग सुई हळूच टेबलावर ठेवून दिली.

“आज खरंच नाही घेतली,” तो म्हणाला.

“बरं.”

“तुझी शपथ.”

“तोंड खोटं बोलतं,” ती म्हणाली, “हात नाही बोलत.”

यावर त्याने वाद घातला नाही. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. प्यायला की हसायचा, नाही प्यायला की गप्प असायचा, आणि दोन्ही वेळी बायकोचं ऐकायचा. तो अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. काजवालीने त्याच्या बाटलीतली त्या दिवसाची गोळी काढली आणि फळीवरच्या बटणांच्या डब्यात टाकली. मग स्वतःच्या बाटलीतली गोळी पाण्याबरोबर घेतली. आज त्याचा जीव वाचवला, असं तिला वाटलं. खरंच तसं वाटलं, आणि म्हणून ती शांत झोपली.

ती कोटांची काजं करायची. मशीनची काजं शर्टाला चालतात, पण भारी कोट शिवणारे शिंपी अजून काज हातानेच करून घेतात, आणि त्या भागातल्या सगळ्या शिंप्यांचे कोट तिच्याकडे यायचे. टाका एकसारखा, गाठ दिसायची नाही. फक्त डोळ्यांनी तिला तरुणपणीच दगा दिला होता. टाका बोटांना कळतो, तो तिला अंधारातही घालता आला असता. सुई ओवणं मात्र तिच्याच्याने होत नसे. सुई ओवायचं लहानसं यंत्र मिळतं, ते घे म्हणून एका शिंप्याने तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, आमच्या घरात आहे की एक, जेवायला तेवढं लागतं.

ते यंत्र म्हणजे तिचा नवरा. लग्नाच्या नव्या नवलाईत तो रोज संध्याकाळी तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या सुया ओवून ठेवायचा. सुया टोचून ठेवायच्या छोट्या गादीवर ओळीने खोचलेल्या सुया, प्रत्येकीतून सारख्या लांबीचा दोरा लोंबतोय. त्याला काही सांगावं लागत नसे. ती भांडी आवरायची, तो सुया ओवायचा, आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगायचा. दोघांच्या संसारात लाडाचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, पण रोजचं होतं.

त्याला कामावर सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा होता रंगारी. कचेऱ्यांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या लांबच लांब भिंतींना खाली गडद रंग आणि वर फिका रंग देतात ना, त्या दोन रंगांच्या मधली पट्टी ओढणं हे त्याचं काम. बाकीचे रंगारी त्यासाठी दोरी ताणतात, खडूची खूण करतात, चिकटपट्टी लावतात. हा एक डोळा बारीक करायचा, ब्रश टेकवायचा आणि चालायला लागायचा. भिंत संपली की रेघ संपायची. मुकादम नव्या पोरांना सांगायचा, रेघ बघायची तर लांबून बघा, जवळून बघितलीत तर लाज वाटेल.

दारू त्याला त्याच कामाने लावली की परगावच्या दिवसांनी, हे तिने कधी उकरून काढलं नाही. एका मोठ्या कामासाठी तो बरेच महिने बाहेर होता. परत आला तेव्हा पिणं घेऊन आला, आणि आणखी एक गोष्ट घेऊन आला, ती त्यालाही माहीत नव्हती. ताप हटेना म्हणून रक्त तपासलं तेव्हा कळलं, एच.आय.व्ही. आहे. मग तिचं तपासलं. तिलाही होता. ती बहिणीकडे जाऊन राहिली. बहिणीने वेगळं ताट काढलं, वेगळा पेला काढला, आणि ते धुतलं की नाही यावर नजर ठेवायला लागली. तेव्हा काजवाली पिशवी घेऊन घरी परत आली. मरू तर एकत्र मरू असलं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, उद्यापासून पाणी उकळून प्यायचं.

दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीशेजारी एक लहान खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून समजावलं. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, जन्मभर. गोळी घेत राहिलात तर हा आजार काही करत नाही, चुकवलीत तर उलटतो. आणि दारू पूर्ण बंद, गोळी आणि दारू एकत्र चालत नाही. ओळंब्याने कानाला हात लावला. काजवालीच्या मात्र अंगावर काटा आला होता, आणि त्याचं कारण तिने ताईंना सांगितलं नाही.

तिचा बाप प्यायचा. तिच्या आईने कुणाकडून तरी दारू सोडवायची पूड आणली आणि चोरून त्याच्या जेवणात कालवली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो पिऊन आला, दारातच लाल झाला, छातीला हात लावून खाली बसला आणि ओकत ओकत गेला. ती तेव्हा शाळेत जात होती. दाराच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. औषधावर दारू पडली की माणूस मरतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ते तिने उंबऱ्यात पाहिलं होतं. ताईंचं वाक्य तिने त्या उंबऱ्यात नेऊन ठेवलं आणि तिचा हिशेब पक्का झाला. ज्या दिवशी प्यायला त्या दिवशी गोळी नाही. विचारायचं काय त्यात? जे डोळ्यांनी दिसलं ते कुणी विचारतं का?

आता प्यायला आहे की नाही हे ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. इतर बायकांना तोंडाचा वास कळतो. रंगाऱ्याच्या बायकोला कळत नाही. टर्पेंटाइन, थिनर, वॉर्निश असा सगळा दरवळ घेऊनच तो दारातून आत यायचा, त्यात दारू कुठे शोधणार? डोळे म्हणावे तर रंगाच्या वाफेने रोजच लाल. बोलण्यावरून म्हणावं तर हा बोलतोच मुळात चार शब्द. तेव्हा एका संध्याकाळी, सुया ओवून घेताना, तिच्या लक्षात आलं की आज त्याला जमत नाहीये. तिने विचारलं, घेतलीये का? तो म्हणाला, हो. झालं. तिला मोजमाप सापडलं. त्या दिवसापासून गोळीच्या आधी सुई आली. जी लाडाची गोष्ट होती तिची तपासणी झाली.

महिन्याच्या महिन्याला खिडकीवर जाताना बाटली दाखवावी लागे. त्याच्या बाटलीत जास्त गोळ्या दिसू नयेत म्हणून तर तो बटणांचा डबा. पितो हे कळलं तर औषधच बंद करतील, असं तिला वाटे. ताई विचारायच्या, दारू? ती म्हणायची, सोडली. ताई विचारायच्या, गोळी चुकत नाही ना? ती म्हणायची, मी माझ्या हाताने देते. ताई खूश व्हायच्या आणि पुढच्या माणसाला हाक मारायच्या. बाहेर बाकावर रांग असायची, त्यांना तरी कुठे उसंत होती.

कधी कधी सलग चार-पाच दिवस चांगले जायचे. तो यायचा, जेवायचा, आणि दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यातून पार. एक झाली की म्हणायचा, आण अजून. सगळ्या सुया ओवून गादीवर मांडायचा, बायकोची थट्टा करायचा, तुझ्या काजांपेक्षा माझ्या रेघा सरळ म्हणायचा. ती गोळी त्याच्या तळव्यावर ठेवायची आणि तो पाणी प्यायला की मनातल्या मनात हात जोडायची. मग अचानक दोन वाईट दिवस यायचे. हात थरथरायचा, घाम सुटायचा, तोंड उतरलेलं. आज नाही घेतली, तो म्हणायचा. ती झाकण बंदच ठेवायची. चांगल्या दिवसांत तो इतका मोकळा आणि वाईट दिवसांत इतका कासावीस का असतो, हे तिला विचित्र वाटायला हवं होतं. पिऊन हसणाऱ्या नवऱ्याचं हसू तिला ओळखू यायला हवं होतं. पण माणूस ज्याची वाट बघतो ते दिसलं की पुढचं बघत नाही.

एकदा मुकादम वाटेत भेटला. हसत म्हणाला, वहिनी, तुमचा ओळंबा आता दारूवर चालतो. सकाळी येतो तेव्हा ब्रश हातात ठरत नाही, घोटभर पोटात गेली की मग रेघ बघावी. तिला राग आला. रंगाऱ्यांची थट्टा असली पाणचट असते, हे तिला ठाऊक होतं. घरी येऊन तिने नवऱ्याला ते सांगितलंसुद्धा नाही.

हळूहळू त्याची पट्टी ओढायची कामं दुसऱ्याकडे गेली. तो भिंती खरवडायला लागला. खरवडताना दम लागायला लागला. पॅंटला आधी पट्टा पुरेसा होता, मग पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, ते तिनेच पाडलं, आणि काजासारखं नीट पाडलं. जेवताना तो घास तोंडात फिरवत बसायचा. एकदा तिने त्याला आ करायला लावलं तर जिभेवर, टाळ्याला पांढरा थर. खोकला तर असा की शेजारचे रात्री भिंतीवर थाप मारायचे. तिने दूध वाढवलं, अंडी आणली, सुईची शिस्त आणखी कडक केली. सुई जमली नाही की गोळी नाही. दयामाया दाखवायची ही वेळ नाही, असं ती स्वतःला बजावायची, आणि ज्या संध्याकाळी त्याचा हात फारच थरथरे त्या संध्याकाळी तिचंही जेवण तिला जात नसे.

तपासणीच्या दिवशी दोघांचे कागद बरोबरच आले. ताईंनी तिचा पाहिला आणि म्हणाल्या, तुमचं फार छान आहे, विषाणू जवळजवळ दिसतच नाही. मग त्याचा पाहिला आणि तो तसाच हातात घेऊन उठल्या. डॉक्टरांकडे आत जाऊन आल्या. त्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं, तिथून परस्पर वॉर्डात भरती करायला सांगितलं. काजवालीला त्यांनी थांबवून घेतलं आणि दार लोटलं.

“खरं सांगा,” ताई म्हणाल्या. “गोळी चुकते ना?”

“मी माझ्या हाताने देते.”

“रोज?”

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. त्या दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, इथे येणारे पुष्कळ पुरुष पितात, मला काय कळत नाही का? पिण्याने नुकसान होतंच, पण त्याहून मोठं नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होतं. ज्या दिवशी प्यायले त्या दिवशी गोळी घेत नाहीत. भितात, की दोन्ही मिळून विष होईल. तसं काही होत नाही. पिऊन आला तरी गोळी घ्यायचीच. दारू सुटेल तेव्हा सुटेल, गोळी चुकता कामा नये. आज आहे, उद्या नाही, परवा आहे, असं झालं की तो विषाणू गोळीला सरावतो आणि मग ती गोळी पोटात गेली काय न गेली काय.

काजवाली ऐकत होती. हात मांडीवर होते आणि तिला ते आपले वाटत नव्हते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. जेवणात मीठ जास्त पडलं तरी म्हणतात.

“मग तुम्ही म्हणाला होता, एकत्र चालत नाही,” ती म्हणाली.

“दारू सोडा म्हणून म्हणाले होते. गोळी सोडा म्हणून नाही.”

तिने बापाचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, उंबऱ्याचं, तांब्याचं. ताई म्हणाल्या, ती पूड वेगळी, तिचा आणि या गोळीचा काही संबंध नाही. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हे मी तुम्हाला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी दारू विचारायचे, तुम्ही नाही म्हणायचा, आणि मी पुढे जायचे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो. इथे त्या बाईने अर्धी चूक आपल्या अंगावर घेतली, आणि तरी हिची काही कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बटणांचा डबा घेऊन आली. ताईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

“या आता दिल्या तर?” तिने विचारलं. “आता मी रोज देईन. दोन दोन देईन.”

“या आता त्यांच्या कामाच्या नाहीत,” ताई म्हणाल्या. नव्या गोळ्या सुरू करणार आहेत, पण उशीर झाला आहे आणि फुप्फुसं फार खराब आहेत, हेही त्यांनी सांगितलं. खोटी आशा लावायची त्यांना सवय नव्हती.

वॉर्डात त्याची खाट खिडकीपाशी होती. समोरच्या भिंतीला खाली हिरवा, वर पांढरा रंग होता आणि मधली पट्टी कुणीतरी चिकटपट्टी लावून ओढलेली होती. चिकटपट्टी काढताना जागोजाग रंग उपटून आला होता. तो पडल्या पडल्या त्या पट्टीकडेच बघत होता. ती स्टुलावर बसली आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. ताई काय म्हणाल्या ते सांगितलं, डब्याचं सांगितलं. तुम्ही प्यायला होता त्या दिवशीही मी गोळी द्यायला पाहिजे होती, मी दिली नाही, असं म्हणाली. तिला वाटलं, आता तरी हा माणूस आयुष्यात एकदा आपल्यावर ओरडेल.

त्याने पट्टीवरची नजर छताकडे नेली. मग म्हणाला, “प्यायलो त्या दिवशी तर तू देत होतीस.”

तिला कळलं नाही. ग्लानीत बोलतोय असं वाटलं.

“पुढे पुढे हात दारूनेच थांबायचा,” तो म्हणाला. धाप लागत होती, एकेक वाक्य संपवून तो थांबत होता. “नाही घेतली की थरथरायचा. जितकी सोडावी तितका जास्त. सुई ओवायची म्हणजे घोटभर घ्यायला लागायची. दिवसभर थांबायचो कधी कधी. घरी येताना घ्यायचो. सुईपुरती.”

वॉर्डात कुठेतरी भांडं पडलं, कुणीतरी कुणाला तरी रागावलं. तिने ते सगळं ऐकलं. मुकादमाचं वाटेतलं हसणं तिला ऐकू आलं. गादीवर ओळीने मांडलेल्या सुया दिसल्या, त्याची थट्टा, मोकळं हसू, आण अजून म्हणणारा हात. आणि त्या दुसऱ्या संध्याकाळी, घामाच्या, कासावीस, आज खरंच नाही घेतली म्हणून शपथ घेणाऱ्या. ज्या ज्या दिवशी हा माणूस दारू सोडायला निघाला होता, त्या त्या दिवशी तिने त्याला गोळीविना झोपवलं होतं. आणि गोळी मिळावी म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला होता.

“अहो, मग सांगायचं नाही का?” तिचा आवाज फुटला.

“सांगितलं की. नाही घेतली म्हणून सांगितलं.”

“तसं नाही. हाताचं. हाताचं सांगायचं होतं.”

त्याने मान तिच्याकडे वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर तिने तो जन्मभर जपून ठेवला असता.

“तू म्हणायचीस, हात खोटं बोलत नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, असेल. अंगात कालची राहिली असेल अजून. तुला जास्त कळतं.”

मग त्याने डोळे मिटले. ती स्टुलावर बसून राहिली. रडायला हवं होतं, पण रडण्यासाठीसुद्धा आपली बाजू थोडीफार बरोबर असावी लागते, आणि तिला कुठली बाजूच उरली नव्हती. ती त्याच्या पायांवरून हात फिरवत राहिली. पाय फार हलके झाले होते.

काही दिवसांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. बरा झाला म्हणून नव्हे. मुकादम आणि आणखी दोघं रंगारी आले, त्यांनी त्याला खुर्चीत बसवून खुर्चीसकट जिना चढवला. उतरताना मुकादम तिला काही म्हणणार होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच गेला. नव्या गोळ्या मोठ्या होत्या, त्यांची बाटली वेगळ्या रंगाची होती. पहिल्या संध्याकाळी तिने दिवा लावला, त्याला उशीला टेकवून बसवलं, पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन जवळ गेली.

त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात पुढे केला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना लावून.

“आधी सुई,” तो म्हणाला.

आता सुई नको, ती म्हणाली. तशीच घ्या. डॉक्टरांनी सांगितलंय. ताईंनी सांगितलंय. त्याने मान फिरवली. ताप डोक्यात गेला होता, बरंचसं त्याला आठवत नव्हतं, पण हे पक्कं आठवत होतं. सुई न ओवता गोळी मागणं म्हणजे पिऊन आल्याची कबुली, असं त्याच्या मनात इतक्या वर्षांत बसलं असावं. आणि तो तर आता कितीतरी दिवस प्यायला नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला ते सिद्ध करायचं होतं.

तिने गोळी बाजूला ठेवली आणि गादीवरून एक सुई काढली. दोरा घेतला. सुई त्याच्या चिमटीत दिली, पण चिमटीत जोर नव्हता, ती सटकून गोधडीवर पडली. तिने चाचपडून ती शोधली. मग त्याच्या मागे बसली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, एकात सुई धरली, एकात दोरा. एकाचे हात गेलेले, एकीचे डोळे. नेढं कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं आणि त्याच्या हातांना ते सापडत नव्हतं. दोरा पुन्हा पुन्हा हवेतूनच गेला. त्याचं अंग तापाने तिच्या छातीशी भाजत होतं आणि तिच्या हातांमध्ये त्याचे हात थरथरत होते. आता तिचेही थरथरत होते, तेव्हा कुणाचे किती ते सांगता आलं नसतं.

“ओवली,” ती शेवटी म्हणाली.

“गेली?”

“गेली हो. सरळ गेली.”

“बघू.”

तिने सुई आणि दोरा एकाच चिमटीत धरून दिव्यासमोर नेले. त्याने एक डोळा बारीक केला, लांबवरची रेघ बघावी तसा. बघितलं, मान डोलावली, आणि तोंड उघडलं. तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, गळा हलला का ते बोट लावून पाहिलं. मग ओठांवरून ओघळलेलं पाणी पुसलं.

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. पण जितके दिवस होता तितके, अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत, हे असंच चाललं आणि गोळी एकदाही चुकली नाही. तो झोपला की ती सुई परत गादीत खोचायची. दोरा आत गेलेलाच नसायचा, तो गळून तिच्या मांडीवर पडायचा. ती तो उचलायची, बोटाला गुंडाळायची आणि उद्यासाठी दिव्याखाली ठेवून द्यायची.